नाना शुक्रवारी कुठे जातात?

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. पहिलीच्या मुलांना इंग्रजी कसं शिकवायचं हे आमच्या अख्ख्या टाउनशिपमध्ये एकटीला मला कळतं! म्हणजे, त्या शुक्रवारपर्यंत तरी माझं असं ठाम मत होतं.

मी वैजयंती. भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहते आणि तिथल्याच शाळेत पहिलीला शिकवते. माझे यजमान उदय कारखान्यात इंजिनीअर. सासरे नीळकंठराव त्याच कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांना घरात आम्ही नाना म्हणतो. आम्ही म्हणतो म्हणून शेजारचे दुबे म्हणतात, दुबे म्हणतात म्हणून दूधवाला म्हणतो, आणि दूधवाला म्हणतो म्हणून दोन हजार क्वार्टरांत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नाही. काळी टोपी, तपकिरी मफलर, पेन्सिलीने रेघ ओढल्यासारखी बारीक मिशी. रोज पाच वाजता पार्कातल्या बाकावर, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी नेहरू नगरला विनायकरावांकडे ज्ञानेश्वरीच्या वाचनाला. इतका सज्जन माणूस!

तर इंग्रजी. मे महिन्यात मी पाच दिवसांचं एक शिबिर केलं होतं. चित्रांच्या पुस्तकांतून इंग्रजी कसं शिकवावं आणि त्यातूनच परदेशातली माणसं कशी राहतात, काय खातात, काय मानतात, हे मुलांना कसं उमजू द्यावं, असा विषय. मी तिथून भारून परत आले. तीन नियम वहीत लाल शाईने लिहून आणले होते. एक, अर्थ सांगायचा नाही, मुलांना तो चित्रातून कळू द्यायचा. दोन, मुलांच्या चित्रांत लुडबूड करायची नाही. तीन, परक्या माणसाची गोष्ट मुलांच्या घराशी जोडायची. तिसरा नियम मी इतका छान पाळला की काय सांगू!

आमच्या प्रिन्सिपल सक्सेना मॅडम. स्वभावाने वाईट नाहीत, पण त्यांना पाठ्यपुस्तकाबाहेर काही दिसलं की डोकं दुखतं. मी महिनाभर त्यांच्या मागे लागले. चार इमली भागातल्या एका बंगल्यात राहणाऱ्या मीनाताईंनी परदेशातून आणलेली चित्रांची पुस्तकं शाळेला भेट दिली होती, ती कपाटात धूळ खात होती. शेवटी मॅडम म्हणाल्या, "ठीक है वैजयंती जी, चार शुक्रवार. चला तो साल भर आपका पीरियड पक्का. नहीं चला, तो किताबें वापस अलमारी में और बच्चे वापस ए फॉर एप्पल पर."

वाचकहो, ए फॉर ॲपल पाटीवर साठ वेळा लिहिणाऱ्या मुलाचा चेहरा तुम्ही पाहिलाय? मी अकरा वर्षं पाहतेय. मला तो तास हवाच होता!

पहिल्या शुक्रवारी मी सगळ्यात सोपं पुस्तक निवडलं. एक इंग्रज आजी असते. ती छोट्याशा घरात एकटी राहते, सोबतीला मांजर. शुक्रवारी संध्याकाळी ती लाल लिपस्टिक लावते, लाल बूट घालते आणि मिस्टर ब्राउनबरोबर नाचायला जाते. शनिवारी नात येते, तीसुद्धा आधी फोन करून. शेवटच्या पानावर आजी म्हणते, "आय लाइक माय लिटल हाउस." संपलं. पानाला एक ओळ, आणि ओळीत मोजून पाच-सहा शब्द.

आता त्या आजीला पुस्तकात म्हटलं होतं 'नाना'. तिकडे काही घरांत आजीला नाना म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पुस्तकाच्या मागेच छापलेलं होतं. पण अर्थ सांगायचा नाही! नियम एक! चित्र बघा आणि समजा!

चित्रात काय होतं? मुलासारखे कापलेले पांढरे केस, चष्मा, पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर आणि पँट. आमच्या वर्गातल्या बत्तीस मुलांनी आजन्म पाहिलेली एकूण एक नानी (हिंदीत आईची आई ती नानी, आईचे वडील ते नाना) अंबाड्याची आणि साडीची. त्यामुळे त्यांना हे चित्र बघून जे कळायचं ते कळलं. वर मी आपली "शी पुट्स ऑन हर रेड लिपस्टिक" असं हावभावासकट वाचतेय. पण ज्या मुलांचं हिंदीत बाई असो की बुवा, 'वह' म्हटलं की काम भागतं, त्यांना इंग्रजीतलं 'ही' काय आणि 'शी' काय!

"हू इज धिस?" मी विचारलं.

"नाना!" बत्तीस गळे.

"डू यू नो नाना?"

"यस मैडम!" पुन्हा बत्तीस.

आमच्या शेजारची पिंकी दुबे पहिल्या बाकावर बसते. तिचे दोन पुढचे दात पडलेत, पण बोलणं अडलेलं नाही. ती उभी राहून म्हणाली, "मैडम, नाना को तो सब जानते हैं!"

माझे डोळे भरून आले! एका तासात परक्या देशातली आजी मुलांना आपली वाटायला लागली! शिबिराच्या बाईंना पत्र लिहायचं मी तिथेच ठरवलं. मग मुलांना कागद वाटले आणि सांगितलं, "ड्रॉ नाना ऑन फ्रायडे." मुलं कागदांवर तुटून पडली. घंटा झाली तेव्हा सगळी चित्रं न पाहताच गोळा केली (नियम दोन!) आणि चित्रकलेच्या मंगलाताईंकडे दिली. दुसऱ्या दिवशी पालकसभा होती. "मोठ्या फळ्यावर लावा," म्हटलं, "अगदी दारासमोर!"

शनिवारी नऊ वाजता मी शाळेत पोहोचले तर फळ्यापुढे ही गर्दी! मला वाटलं, कौतुक चाललंय. मी पदर सावरून, चेहऱ्यावर नम्र भाव आणून पुढे गेले.

बत्तीस चित्रं. बत्तीस म्हातारे. कोणी धोतरात, कोणी सफारीत, एक जण चक्क पोस्टमनच्या वेषात. प्रत्येकाच्या मिशीखाली लालभडक ओठ! प्रत्येकाच्या पायात लाल बूट! आणि प्रत्येक जण एका तपकिरी बुवाच्या हातात हात घालून नाचतोय. खाली मोठ्या अक्षरांत: नाना, फ्रायडे.

"मैडम," एका मुलाचे वडील हात जोडून म्हणाले, "हमारे ससुर जी रिटायर्ड पटवारी हैं. पूरे सीहोर में इज्जत है. कल बच्चे ने फोन पर पूछ लिया, नाना, आप लिपस्टिक कौन-सी लगाते हो? तब से वो हमारी मिसेज से बात नहीं कर रहे."

"अहो, म्हणजे, अरे भाईसाहब, वो नाना मतलब नानी..."

"नाना मतलब नानी?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरले.

आणि मग मला ते चित्र दिसलं. अगदी मधोमध. काळी टोपी. तपकिरी मफलर. पेन्सिलीने रेघ ओढल्यासारखी मिशी. मिशीखाली लिपस्टिक. चित्रकार: पिंकी दुबे.

लोक त्या चित्रापाशी येऊन थांबत होते, माझ्याकडे पाहत होते, आणि खोकून पुढे जात होते. पिंकीची आई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "भाभी, पिंकी कह रही है, नाना अकेले रहते हैं. एक बिल्ली के साथ. आप लोगों ने उनको अलग कर दिया क्या?"

"अलग? अहो, तुमच्या आणि आमच्या भिंतीला भिंत आहे! रोज सकाळी तुम्हाला त्यांच्या गुळण्या ऐकू येतात!"

"वही तो मैं सोचूँ," ती म्हणाली. पण तिचा आवाज सोचतच राहिलेला होता.

सक्सेना मॅडमनी ऑफिसात बोलावलं. त्यांच्या टेबलावर डोकेदुखीच्या मलमाची डबी उघडी होती. "वैजयंती जी, चार शुक्रवार कैंसल. बस अगला एक. मैं खुद बैठूँगी. बच्चों को अगर कुछ ढंग का समझ में आया तो ठीक, नहीं तो अलमारी की चाबी मेरे पास है."

मी घरी आले. उदय सेकंड शिफ्टला गेलेले. नाना बाकावर. मी मनात प्रार्थना करत होते की बाकावर आज कोणी पालक न भेटो. पण नाना साडेपाचलाच परत आले. टोपी काढून टेबलावर ठेवली. चहा दिला तर घेतला नाही.  सासूबाई गेल्यापासून गेली दोन वर्षं हा माणूस तसाही कमी बोलतो, आणि मी त्यांची ही शोभा केली!

"वैजयंती," ते खाली बघत म्हणाले, "खरं सांग. शाळेच्या फळ्यावर माझं चित्र लागलंय?"

"नाना, मला माफ करा. मी..."

"लिपस्टिक लावलेलं?"

"हो."

"नाचताना?"

"हो, पण..."

नाना मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे कळलं तर सगळ्यांना! मी विनायकला तेव्हाच म्हणत होतो, खिडकी लाव, खिडकी लाव! तर म्हणे, उकडतंय!"

कुठली खिडकी? मला काही समजेना. पण मी आपली माफी मागायच्या नादात. "नाना, त्यात तुमचा काही दोष नाही. तो मिस्टर ब्राउन..."

"विनायकचा ब्राउन कोटसुद्धा दिसला लोकांना?" नाना उठून उभेच राहिले. "मी उद्याच्या गाडीने नागपूरला जातो. उदयला तू सांग. मला नाही जमायचं."

"नाना, थांबा!" मी ओरडलेच. "तुम्ही आणि विनायकराव शुक्रवारी ज्ञानेश्वरी वाचता ना?"

नाना पुन्हा खुर्चीत बसले. मग नानांनी सांगितलं.

टाउनशिपच्या महाराष्ट्र मंडळात यंदा गणपतीला जुन्या पद्धतीचं एक संगीत नाटक बसवायचं घाटत होतं. बायका मिळेनात. कोणाची मुलं दहावीला, कोणाची सासू आजारी. तेव्हा पाच निवृत्त म्हाताऱ्यांनी ठरवलं, पूर्वीसारखं आपणच करू! विनायकराव नायक. आणि नायिका कोण? आमचे नाना! कॉलेजात असताना नागपुरात त्यांनी तीन वर्षं स्त्रीपार्ट केले होते. हे मला लग्नाच्या चौदाव्या वर्षी कळत होतं. दर शुक्रवारी नेहरू नगरला तालीम. टाउनशिपच्या बाहेर, म्हणजे कोणाला पत्ता लागायला नको. पदर सांभाळायची सवय व्हावी म्हणून शाल, ओठांना लिपस्टिक, आणि दुसऱ्या अंकात एक नाच!

"लग्न झालं आणि वडिलांनी सोडायला लावलं," नाना म्हणाले. "रत्नप्रभा, तुझी सासू, मात्र नेहमी म्हणायची, मला एकदा करून दाखवा हो. मी म्हणायचो, दाखवू, रिटायर झाल्यावर दाखवू. राहूनच गेलं. आता निदान तिच्यासाठी म्हणून करावं असं मनात होतं. पण या वयात तुम्हाला सांगायची लाज वाटली."

मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! माणूस आपल्याच घरात राहतो, आपण त्याला वेळेवर पोळी वाढतो, गोळ्या देतो, आणि त्याच्या मनात काय आहे हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. मी डोळे पुसले, पुस्तक आणलं आणि सगळा घोळ सांगितला. नाना म्हणजे आजी, शी म्हणजे बाई, अर्थ सांगायचा नाही, वगैरे.

नानांनी चष्मा लावून पुस्तक वाचलं. आधी गालात हसले, मग खो खो हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, मी पाणी आणलं. "ही बाई माझ्यापेक्षा धीट आहे," ते म्हणाले. "खिडकी उघडी ठेवून लिपस्टिक लावते!" शेवटचं पान मात्र ते बराच वेळ बघत बसले. मग विचारलं, "शुक्रवारी तास किती वाजता असतो?"

"साडेअकराला, शेवटचा. का हो?"

"काही नाही. सहज."

शुक्रवार उजाडला. सक्सेना मॅडम मागच्या बाकावर, पहिलीच्या बाकावर कसंबसं बसता येतं तशा बसल्या होत्या. आज मी नियम एक गुंडाळून ठेवला आणि सरळ हिंदीत सांगून टाकलं, "बच्चो, इंग्लैंड में कुछ लोग नानी को नाना बोलते हैं."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग पिंकीचा हात वर. "तो नाना को क्या बोलते हैं?"

"ग्रँडपा."

"तो ग्रैंडपा को क्या बोलते हैं?"

"नाना. नाही, म्हणजे, हमारे यहाँ नाना."

"और वहाँ की नानी हमारे यहाँ आएगी तो नाना रहेगी कि नानी?"

मी पुस्तक उलटून मागचा मजकूर बघायला लागले. मागून मलमाची डबी उघडल्याचा आवाज आला. गेला तास! गेलं वर्ष! मला कपाटाची किल्ली फिरताना ऐकू यायला लागली.

एवढ्यात दारावर टकटक झाली. दारात काळी टोपी, मफलर, खांद्यावर शाल आणि हातात काठी. "मे आय कम इन, मैडम?"

"नाना!" बत्तीस गळे.

नाना वर्गात आले, पुस्तकातल्या आजीचं पान उघडून टेबलावर उभं केलं आणि त्याच्या शेजारी उभे राहिले. टोपी नीट केली, काठी आपटली आणि घसा खाकरून भारदस्त आवाजात म्हणाले, "आय ॲम नाना. ही! ही! ही!" मग टोपी काढली. खांद्यावरची शाल डोक्यावर घेतली, मान जराशी कलली, आणि माझ्या डोळ्यांदेखत सत्तरीचा तो माणूस नाहीसा होऊन तिथे एक लाजरी, ठसकेबाज आजी उभी राहिली! आवाजसुद्धा बारीक. "आय ॲम नाना. शी, शी, शी!"

वर्ग नुसता उसळला! टोपी घातली की मुलं ओरडत, "ही इज नाना!" शाल घेतली की, "शी इज नाना!" टोपी, शाल, टोपी, शाल. नाना मध्येच फसवायला नुसतीच मिशी पुसत, तरी मुलं चुकेनात. जे 'ही' आणि 'शी' मला अकरा वर्षांत पहिलीच्या गळी उतरवता आलं नव्हतं, ते नानांनी दहा मिनिटांत उतरवलं. मी खडू हातात धरून नुसती बघत राहिले.

दमून सगळे खाली बसल्यावर पिंकीने पुस्तकातल्या आजीवर बोट ठेवलं. "पर नाना, ये अकेली क्यों रहती है? इसका बेटा लड़ता है?"

"नहीं बिटिया," नाना म्हणाले. "बेटा अच्छा है. पोती भी आती है. पर इसको अपना छोटा-सा घर अच्छा लगता है. अपने मन का कुछ करने को जगह चाहिए न? किसी को पूरा घर चाहिए, किसी को हफ्ते में एक शाम."

पिंकी विचारात पडली. "फिर हम इससे मिलने जाएँगे तो फोन करके जाएँगे," तिने निकाल दिला, आणि सगळ्या वर्गाने माना हलवल्या.

मागच्या बाकावरून सक्सेना मॅडम उठल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मेरी माँ सागर में अकेली रहती हैं. हर बार बुलाती हूँ, हर बार यही कहती हैं, मुझे अपना घर अच्छा लगता है. मैं छह साल से समझ रही थी कि मुझसे नाराज़ हैं." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "वैजयंती जी, पीरियड पक्का. पूरे साल."

वाचकहो, मी जिंकले! म्हणजे नाना जिंकले, पण तास माझा होता!

मॅडमना तर इतका उत्साह चढला की त्यांनी स्वतःच टेबलावरच्या गठ्ठ्यातलं पुढचं पुस्तक उचललं. "घंटी में दो मिनट हैं. आज शुरुआत मैं करती हूँ. और मतलब नहीं बताना है, है न? चित्र से समझेंगे!"

मी कौतुकाने मान डोलावली. मॅडमनी पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर पोट पुढे आलेलं कोणीतरी सैल शर्ट-पँटमध्ये पाठमोरं उभं होतं. मॅडमनी खणखणीत आवाजात पहिली ओळ वाचली, "मामा इज हॅविंग अ बेबी!"

"मामा!" बत्तीस गळे आनंदाने ओरडले.

मी हात वर करून पुढे धावले, पण घंटा झाली. मुलं दप्तरं उचलून सुसाट घराकडे निघाली. शनिवार-रविवार मध्ये होता. सगळ्यांत पुढे पिंकी धावत होती, बातमी पहिली आपण सांगायची म्हणून.

तिचे मामा पोलिसांत आहेत.